गोविंदरावांचे एकशेअठ्ठावीस शब्द

आमचे शेजारी गोविंदराव रंगाचं नाव घेत नाहीत, नंबर सांगतात. आमच्या फाटकाला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीवर ९९६६३३ लिहून दिलं. ती घेऊन मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "सार, दोन आकडे कमी आहेत. फोन लागणार नाही."

तो तपकिरी रंग होता.

गोविंदराव तंजावरकडचे मराठी. पूर्वज काही शतकांपूर्वी इकडे आले, ते इकडचेच झाले. मी रेल्वेच्या हिशेब खात्यातला, साताऱ्याहून बदली होऊन चेन्नईला आलेला. ते "मी गेलों, मी केलों" म्हणतात आणि 'म्हणजे'ला 'मणजे'. त्यांचं बोलणं मला बारा आणे कळायचं. उरलेले चार आणे मी अंदाजाने भरून घ्यायचो. हिशेबात मी असं कधी करत नाही.

गिंडीच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी ब्रॉडबँड घेतलं आणि वेबवरची फुकट साधनं जमवायला सुरुवात केली. एक रंगाचा नंबर सांगणारं, एक आपल्या वेबपानातल्या चुका मोजणारं, एक इंग्रजी अक्षरं दाबली की देवनागरी उमटवणारं, एक आकड्यांचे आलेख काढणारं. "फुकट, सार. आणि दमत नाही," एवढीच त्यांची शिफारस. सोसायटीच्या पाणीवापराचा गोल आलेख त्यांनी जिन्यात लावला होता. मी टक्क्यांची बेरीज केली. एकशेतीन आली.

"गोविंदराव, हे शंभर हवेत."

"वर्तुळ बंद झालं की नाही, सार? मग झालं."

त्यांच्या पत्नीला, कमलाबाईंना, जाऊन वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी ते वही घेऊन आले. बाई घरात जे जुने मराठी शब्द बोलायच्या ते त्यात लिहिलेले. चारशेबारा; मी मोजले.

"सार, हे अस्की वेबवर घालायचं मणतों."

ऑफिसात मी नुकतंच तीन दिवसांचं संगणक प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात आस्की ही संगणकाची अक्षरसंहिता शिकवली होती, त्यामुळे विषय माझ्या हातातला होता. "आस्कीत?" मी म्हटलं. "जमणार नाही. आस्की म्हणजे जागा एकशेअठ्ठावीस."

"एकशेअठ्ठावीसच?"

"एकही जास्त नाही. जगभर तोच नियम आहे."

त्यांनी वही मिटली. "सरी," असं तमिळमधलं 'बरं' म्हणाले आणि गेले. कॉफीही घेतली नाही.

पुढे पंधरा दिवस ते दिसले नाहीत. बायको म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोलला असाल." मी काय बोललो होतो? एक आकडा सांगितला होता, आणि तो बरोबर होता.

शेवटी मीच गेलो. संगणकाच्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांचा लांबलचक आलेख होता. डावीकडे उंच पट्ट्या, उजवीकडे नखाएवढ्या. मला काही उमगेना. अक्षांवर नावंच नव्हती.

"हे काय आहे?"

"एकेक शब्द. अजून किती घरांत बोलतात ते अस्की नातेवाइकांना फोन करून विचारलों." त्यांनी एका बुटक्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा एकाच घरात. इथेच. हा काढतों."

"काढता कशाला?"

"तुम्हीच सांगितलांत की, सार. एकशेअठ्ठावीसच जातील मणून. दोनशेत्रेपन्न काढलों, काढायचे एकतीस उरले." वहीत प्रत्येक काढलेल्या शब्दावर पट्टी धरून बारीक रेघ मारली होती. "उरलेले निघत नाहीत."

मला आता बेरीज जुळेना. फोन करून आस्की नातेवाईक?

"गोविंदराव, आस्की म्हणजे तुमच्या मते काय?"

ते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागले. "अस्की मणजे अस्की." मग दोन्ही हात पसरून टेबल, पडदा, वही, मागची खोली असं करत भिंतीपर्यंत नेले. "हे असं. अस्की."

सगळं.

मी खुर्ची ओढून बसलो. नियम इंग्रजी अक्षरांचा आहे, तोही जुना, तुमच्या वहीशी त्याचा काडीचा संबंध नाही, चूक माझी, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांना ते किती आणे कळलं कोण जाणे.

"मणजे चारशेबारा जातील?"

"अस्की जातील."

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. रेघा मारलेल्या शब्दांपाशी आले, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सार, ती माझ्यावर रागवायची तेव्हाचेही आहेत यात. चांगले नाहीत ते. तेही?"

"ते आधी घाला," मी म्हटलं.