पालकांची सही आणा

संगणक हा काही राक्षस नव्हे, वर्गात नवीन आलेलं पोर आहे, असं भानुमतीबाईंनी पुण्यातल्या भाचीला, हिमानीला, फोनवर ठणकावून सांगितलं. प्राथमिक शाळेत त्यांचा जन्म गेला होता. रडकी, खोडकर, हट्टी, सगळ्या तऱ्हेची पोरं त्यांनी मार्गी लावली होती. हे तर हुकुमाशिवाय जागचं न हलणारं यंत्र! दोन तासांत सरळ करते की नाही बघ.

निमित्त होतं प्रदर्शनाचं. निवृत्त झाल्यापासून बाई हर्सूलच्या आपल्या कॉलनीत रविवारी मुलांचा वर्ग घेत. यंदा त्यांनी मुलांना आजी-आजोबांचे फोटो काढायला लावले होते. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचं नाव ठळक घालायचं, मोठे प्रिंट काढायचे आणि वाचनालयाच्या भिंतीवर लावायचे.

तबस्सुमची नानी, रईसा, तेवढी फोटोला तयार होईना. आधी ती अब्बांची धाकटी होती, मग फारूखची अम्मी झाली, आता तबस्सुमची नानी. रईसाचं घर कुठलं, असं विचारलं असतं तर शेजारीसुद्धा विचारात पडले असते. बाई समजूत घालायला गेल्या तेव्हा तिनं एकच अट घातली.

"फोटो के नीचे मेरा नाम होना, बाई. किसकी अम्मी, किसकी नानी, कुछ नक्को."

बाईंनी शब्द दिला.

फोटोवर अक्षरं घालायला हिमानीनं एक साधन सुचवलं होतं. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची, काय लिहायचं आणि कोणत्या फोटोवर लिहायचं ते एका ओळीत टाइप करायचं आणि एंटर मारायचा. फोटोच्या नावाच्या जागी चांदणीची खूण (*) टाकली की सगळ्या फोटोंवर एकदम लिहिलं जातं. तिनं बजावलं होतं, की आधी फोटोंची कॉपी काढून ठेव आणि सराव एकाच फोटोवर कर.

कॉपीला बाईंच्या वर्गात कायमची बंदी होती, आणि एकट्या पोराला फळ्यापुढं उभं करून त्याच्यावर प्रयोग करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी चांदणी टाकली. आता सरावाला मजकूर काय घालावा? बोटांनी सवयीनं लिहून टाकलं: 'अक्षर सुधारा. पालकांची सही आणा.'

एंटर मारला. काळी खिडकी गप्प. 'हो' नाही, 'नाही' नाही. गृहपाठ न केलेलं पोर खाली मान घालून उभं राहावं तशी! यानं काही केलेलं नाही, हे बाईंनी लगेच ओळखलं.

मग त्यांनी खरी नावं घालायला सुरुवात केली. एक ओळ, एक फोटो. कुठं अवतरणचिन्ह सुटलं, कुठं टिंब सुटलं. पण आता खिडकी बोलू लागली. दर एंटरला इंग्रजीत दोन-दोन ओळींचं उत्तर! बाईंना इतकं बारीक वाचता येईना, पण उत्तरं भराभर येत होती आणि उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यावर त्यांचा आधीपासून जीव. "शाब्बास," म्हणत त्यांनी लॅपटॉप मिटला. मूल 'झालं' म्हणाल्यावर पुन्हा पाटी तपासून त्याचा अपमान कशाला करायचा? सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घालून त्या औरंगपुऱ्यातल्या प्रिंटच्या दुकानात देऊन आल्या.

रविवारी सकाळी प्रिंट थेट वाचनालयात पोचले. बाई दारात पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होत्या, तोवर मुलांनी भिंत भरून टाकली. आतून हशा ऐकू आला. बाई आत गेल्या आणि हातातली गुलाबदाणी तिरकी होऊन अर्धी त्यांच्याच चपलेवर सांडली.

पांढऱ्या मिशा, सुरकुतलेले गाल, डोईवरचे पदर, आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत तोच शेरा.

पिशोरहून नातीसाठी आलेले पुंजाराम आपल्या फोटोपुढं उभे होते. "बाई, माझे मायबाप जाऊन लई वर्सं झाली," ते गंभीरपणे म्हणाले. "सही आणायला मला वर धाडता व्हय?"

बाईंनी कोपऱ्यात जाऊन हिमानीला फोन लावला. हिमानीनं आधी पोटभर हसून घेतलं. मग सांगितलं, "मावशी, ते गप्प बसलं म्हणजे काम झालं. बोललं म्हणजे चुकलं." मूळ फोटोंवरच लिहिलं गेल्यामुळं आता ते पुसायची सोयही नव्हती.

रईसा आपल्या फोटोसमोर नुसती उभी होती. फोटो देखणा आला होता. "बाई," ती हळूच म्हणाली, "मेरा नाम?"

भानुमतीबाईंनी तिच्यापुढं हात जोडले. आता ही रागावेल, पोरीला घेऊन निघून जाईल, आणि तिचा दोषही नसेल.

रईसानं त्यांचे हात खाली केले. टेबलावरचा मार्कर उचलला आणि उजवीकडून डावीकडं, उर्दूत, आपलं नाव लिहिलं. लिहून किती वर्षं झाली असतील कोण जाणे, शेवटचं अक्षर घसरून पार चौकटीबाहेर गेलं. तबस्सुमनं नाव वाचलं, खालचं 'अक्षर सुधारा' वाचलं आणि म्हणाली, "नानी, बाई बरोबर सांगतायत." सगळ्यात मोठ्यानं हसली ती रईसा.

मग मार्करसाठी रांग लागली. पुंजारामांनी नाव लिहिलं, मार्कर नातीच्या, संस्कृतीच्या, हातात दिला आणि पालक म्हणून तिची सही घेतली. घरात हुकूम तिचाच चालतो, म्हणाले. त्यावर प्रत्येक नातवंडाला सही करायचीच होती.

प्रिंट पुन्हा काढायचं नाव कुणी काढलं नाही. बाईंनी रईसाचे आभार मानले, आणि घरी गेल्यावर लॅपटॉपचेही मानले. तो नेहमीप्रमाणं गप्प बसला, म्हणजे पोचले असावेत.

उजवीकडून लिहायचं आम्हालाही शिकवा, असा मुलांनी धोशा लावला तेव्हा पुढच्या रविवारचा वर्ग रईसानं घेतला. फळ्यावर तिनं आधी स्वतःचं नाव लिहिलं. भानुमतीबाई शेवटच्या ओळीत मुलांमध्ये बसल्या होत्या. त्यांना इतकं भरून आलं, की कसं छान शिकवतेय ते शेजारच्या तबस्सुमला सांगितल्याशिवाय राहवेना.

रईसानं खडू थांबवला.

"बाई, बातां नक्को. उठो, सामने आके बैठो."

बाई मुकाट्यानं उठल्या आणि पहिल्या ओळीत जाऊन बसल्या.