व्रतस्थ बाईच्या रक्ताचे माप

"बाई, चौकट धुताना तोंडी नाम असावे, परंतु डोळे पाण्यावर असावेत," ऐसे थोरले वैद्यराज सांगोन गेले, तो शब्द रक्त पारखणाऱ्या सगुणाबाईंचे कानी अजून वाजत असे. श्रीधन्वंतरीस नमन करोन या बाईंचीच हकिकत येथे मांडिली आहे. शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, श्रावणमासी, कोणे एके राज्यी रक्तपरीक्षेचा महाल होता, आणि राज्यात काविळीचे चोर बहुत माजले होते. चोर मोठे कपटी. रक्ताचे वाटेने येत, यकृताचे किल्ल्यात शिरोन निजत, आणि किल्लेदारास वर्षानुवर्षे खबर नसे. मग युक्ती योजिली की, बारीक खळग्यांची चौकट करावी, तळी हेर बसवावे, हेरांनी रक्तातील चोराचा अंगरखा धरावा, बाकी सारे धुवोन जावे, आणि अंगरखा हाती लागल्यास खळगा पिवळा व्हावा. परंतु फिका पिवळा कोठवर निर्दोष मानावा? म्हणोन एक शुद्ध रक्त मापास पाहिजे जाहले. त्याहून गडद ते बाधित, बाकी निर्मळ. तेव्हा कारभारी त्र्यंबकपंत म्हणाले, "सगुणाबाई सोमवार धरतात, चातुर्मासी कांदा शिवत नाहीत, संकष्टीस चहादेखील नाही. यांचेहून निर्मळ रक्त आणावे कोठोन?" सर्वांस पटले, बाईंसही मनी गोड वाटले, आणि त्यांचे रक्त राज्याचे माप जाहले.

मग काही वर्षांनी नवे हेर सिद्ध जाहले, जुन्यांहून तीक्ष्ण, धुक्यात लपलेला थोडका चोरही धरणारे. पहिल्याच सकाळी चौकट मांडिली, कोवळे ऊन पाण्यावर उतरले, खळग्यांत एकेक रंग उमलू लागला, आणि बाईंचा खळगा, जो फिका राहावा, तो सोनचाफ्यासारखा पिवळा जाहला. पंत हसोन म्हणाले, "आज नामात फारच रंगलात! धुणे राहिले वाटते." पुन्हा धुतली, पुन्हा मांडिली, पुन्हा पिवळा. पंतांचे हसू मावळले. बाईंस वाटले, आपण डोहाचे तळी आहों आणि काठावरोन कोणी हाक मारते आहे.

"पंत, मला कधी कावीळ नाही, ताप नाही."

"चोर निजलेला असतो, बाई. उपासाने तो उठोन जात नाही." मग हळूच म्हणाले, "माप बदलू. गाजावाजा नको, महालाची अब्रू जाईल."

"आणि माझ्याहून फिके म्हणोन ज्यांस निर्मळ ठरविले? त्यांचे रक्त लोकांचे अंगी गेले ना? अब्रूचे काय, ती धुता येईल. धुण्यात आपला हात कोण धरतो?"

पंतांस हसूही आले आणि डोळेही भरले. मग ठरले की ते रक्त ज्यांस चढविले त्या सर्वांस फिरोन बोलवावे, आणि दुसरी चौकट मांडावी. तिचे तळी चोराचा रिता अंगरखा ठेवावा, ज्याचे रक्ती चोरास ओळखणारे पहारेकरी असतील, त्याचे ते पहारेकरी अंगरख्यास झोंबतील, आणि खळगा पिवळा होईल. रंग तोच, परंतु येथे तो अभयाचा. ज्याचे अंगी चोर नाही आणि पहाराही नाही, त्यास लस द्यावी.

"पहिले घर वत्सलेचे," बाई म्हणाल्या. "तिचे पहिल्या बाळंतपणी चढविलेले रक्त मीच पारखिले होते, आणि आता तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. तिचे अंगी चोर असला तरी येणाऱ्या लेकरास लस वेळेवर मिळेल. मी स्वतः सांगेन, वचन देते."

"तुमचेही दुखणे तिला सांगाल?"

"तेच आधी सांगावे लागेल."

एवंच, माप मोडले आणि परीक्षा तीक्ष्ण जाहली. राज्यास लाभच जाहला. पंत नवे माप शोधावयास बसले, आणि सगुणाबाईंनी आपले जेवणाचे ताट झाकोन ठेविले, पायी वहाणा सरकविल्या, आणि वत्सलेच्या गल्लीची वाट धरिली.