दाढेचा गुरुवार

स्वतःचा दात दुखला की ती आणीबाणी असते आणि दुसऱ्याचा दुखला की ती योजना असते, हे सार्वजनिक आरोग्याचं मूलतत्त्व आहे. गरीब घरांतल्या मुलांसाठी सरकारने बालदंत विमा योजना काढली ती याच तत्त्वावर. योजनेत कार्ड होतं, कार्डावर हसऱ्या मुलाचं चित्र होतं आणि दुखऱ्या दातांची मुलं तर उदंड होती. दंतवैद्य तेवढे नव्हते.

पुण्यात दंतवैद्यांचा तुटवडा आहे असं मात्र कुणी समजू नये. बिबवेवाडीतल्या चौकात उभं राहून जांभई दिली, तरी समोरच्या तीन पाट्यांवरचे डॉक्टर आत डोकावून जातात. पण योजनेचं कार्ड दिसलं की त्यांची खुर्ची नेमकी दुरुस्तीला गेलेली असे. सरकारी पैसे हाती पडेपर्यंत पेशंटला अक्कलदाढ येते (डॉक्टरांना ती आधीच आलेली असते), अशी त्यांची तक्रार होती.

म्हणून दंतवैद्य प्रोत्साहन समिती नेमली गेली. अध्यक्ष होते निवृत्त अधिकारी जयसिंगराव. दर वाढवावेत ही सूचना त्यांनी पहिल्याच बैठकीत, चहा यायच्या आत, फेटाळली. "डॉक्टरांच्या सेवाभावाची किंमत करणारे आपण कोण?" हा त्यांचा प्रश्न इतिवृत्तात ठराव म्हणून नोंदला गेला. पुणेकर एक वेळ पैशाला नको म्हणेल, सत्काराला म्हणणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तेव्हा असं ठरलं, की जो डॉक्टर गुरुवारची दुपार योजनेतल्या मुलांसाठी राखून ठेवील त्याला शाल, श्रीफळ आणि एक पितळी दाढ.

डॉ. अभय गजभिये यांनी सगळ्यांत आधी नाव दिलं, आणि शालीसाठी नव्हे. मुलांचे दात वाचावेत असं त्यांना मनापासून वाटे. माणूस सोन्यासारखा, खोड एवढीच, की त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे.

पहिल्याच गुरुवारी लोणी काळभोरहून वेणूबाई आपल्या सात वर्षांच्या नातीला, निकिताला, घेऊन आल्या. पोरीच्या गालाला रुमाल बांधलेला होता.

"दुधाचा दात हाय, आपसूक पडंल, असं समदी म्हणत्यात," वेणूबाई म्हणाल्या. "पर पोरगी रातीची झोपत न्हाई, डाक्टर."

डॉक्टरांनी पाहिलं. दात दुधाचा नव्हता. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे गुपचूप उगवणारी ती कायमची दाढ होती. तिला भलेभले दुधाचीच समजतात आणि घालवून बसतात.

"आजी, ही गेली तर पुन्हा येणार नाही. पण अजून वाचेल. बसवा तिला खुर्चीत."

तेवढ्यात जयसिंगरावांचा फोन आला. सत्कार आजच होता.

"पण आज गुरुवार, साहेब. मुलं आलीत."

"अहो, म्हणून तर आज ठेवला! गुरुवारी दुपारी आपण मोकळे असता ना!"

डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. वेणूबाईंना पुढचा गुरुवार मिळाला.

यथावकाश योजना फोफावली. डॉक्टर वाढले, म्हणून सत्कार वाढले. ते गुरुवारीच होत, कारण सर्व डॉक्टर मोकळे असण्याची तीच एक वेळ होती. शिवाय दुसऱ्याच्या सत्काराला गेलं नाही तर आपल्या सत्काराला टाळ्या कोण वाजवणार? समितीच्या अहवालानुसार गुरुवारी दुपारी शंभर टक्के डॉक्टर उपस्थित असत (कुठे, हे अहवालाने विचारलं नव्हतं). निकिता दर गुरुवारी येई आणि परत जाई. डॉ. अभय यांच्या दवाखान्यात किडीपासून पूर्ण सुरक्षित अशी एकच दाढ होती, टेबलावरची पितळी. तिच्याकडे पाहिलं की डॉक्टरांना मनापासून लाज वाटे.

अखेर एका गुरुवारी त्यांनी मोबाइल बंद करून खणात टाकला. निकिताला खुर्चीत बसवलं, दिवा लावला.

"आजी, आज नाही भरली तर पुढे काढावीच लागेल. आज मी कुठेही जात नाही."

आणि दाराची बेल वाजली. दारात आपण होतात.

हो, आपणच, वाचक. खराडीहून मुद्दाम ऑफिसातून लवकर निघून, चिरंजीवांना घेऊन. "अहो डॉक्टर, गुरुवारी आपल्याकडे गर्दी नसते असं कळलं. बारीकसंच काम आहे. तार सैल झालीय याची, आणि उद्या शाळेत फोटो आहे."

डॉक्टरांनी निकिताकडे पाहिलं, मग आपल्याकडे. "आजी, पाचच मिनिटं हं," ते म्हणाले. निकिता खुर्चीवरून उतरली. तार घट्ट झाल्यावर आपण म्हणालात, "आता आलोच आहोत तर माझंही जरा क्लीनिंग उरकून घेऊ." आणि आपण बसलात.

गाडीची वेळ झाली तशा वेणूबाई उठल्या. जाता जाता त्यांनी आपल्याला विचारलं, "लई दुखतंय का हो लेकराचं?"

"छे हो," आपण म्हणालात, "उद्या फोटो आहे ना."

"व्हय का," म्हणून त्यांनी नातीच्या गालावरचा रुमाल नीट बांधला.

पुढच्या गुरुवारी निकिताची दाढ काढली. काढायला फारसा वेळ लागत नाही.

चिरंजीवांचा फोटो मात्र सुरेख आला, असं ऐकतो.