मानसिंगरावांची गाडी दम खाते

दिग्विजयसिंह गाडीवर बसून गेले आणि गाडी ढकलत परत आले. दर्पण कॉलनीचं तिसरं वळण काही त्यांच्या नशिबी नव्हतं.

मंदाताई फाटकातच उभ्या होत्या. गाडी विकायची नाही हा त्यांचा हट्ट आणि विकायचीच हा सुनेचा, गरिमाचा. महिनाभर दोघींचं बोलणं आमटीत मीठ पडलं की नाही एवढ्यापुरतंच उरलं होतं. तेव्हा गिऱ्हाईक असं घामाघूम परतलेलं पाहून मंदाताईंनी खरं तर गल्लीत गूळ वाटायला हवा होता. पण गिऱ्हाइकाने तोंड उघडलं.

"माजी, देखने में शेरनी है. पर रेस दो तो पहले सोचती है, फिर खाँसती है, फिर बैठ जाती है. इसमें दम नहीं है."

"दम गाडी में नहीं कि बैठनेवाले में, वो भी किसी से दिखवा लेना," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी फाटक लावून घेतलं. दिग्विजयसिंह अजून आतच होते, म्हणून ते पुन्हा उघडावं लागलं.

गाडी विकली गेली नाही हे बरंच झालं. पण दम नाही म्हणून विकली गेली नाही, हे कसं सोसावं? ज्या घराच्या पणजोबांनी पागेतले घोडे सांभाळले, त्या घरातलं जनावर असो की यंत्र, त्याला कुणी मरतुकडं म्हटलेलं मंदाताईंना खपत नसे.

गाडी त्यांच्या मुलाची, मानसिंगरावांची. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने शर्यतीची लाल गाडी घेतली, तीही पोटावर झोपून चालवायची. तेव्हा मंदाताई म्हणाल्या होत्या, "पालथा पडलास तर उठवायला मी यायची नाही हो." सहा महिन्यांनी एका सकाळी मानसिंगराव गाडी पुसता पुसता तिच्याच शेजारी पालथे पडले. मंदाताई आल्या. उठवायला जमलं नाही.

देवघरात काशीचा गंगेचा गडू होता, तोंड झाळून पक्कं बंद केलेला. बत्त्याने ठोकून तो उघडेपर्यंत माणूस गेला. तीस वर्षं गंगा घरात, आणि लेकाच्या तोंडात थेंब नाही. उघडलेला गडू मग उघडाच राहिला.

नातू मोहित नोकरीला पुण्याला गेला. "आई, शनिवार के शनिवार पाच मिनिटं गाडी चालू कर, नाहीतर बॅटरी मरेल," एवढं सांगून गेला. मरेल म्हटल्यावर गरिमा एकही शनिवार चुकली नाही. पण त्याआधी, सून आंघोळीला गेली की, मंदाताई देवघरातल्या खिळ्यावरची किल्ली काढत, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडत आणि चमचाभर गंगाजल आत सोडत. घोडा बाहेर काढायच्या आधी घरच्या बाईने त्याला पाणी द्यायचं, हा पागेचा रिवाज. गाडीला तोंड एकच, ते टाकीचं. चमचाभर पाण्याने काय होतं? आचमनात कुणी बुडल्याचं ऐकिवात नाही. गडू मात्र वाटलं त्यापेक्षा लवकर उतरत चालला होता. तांबं पाणी पितं, अशी मंदाताईंनी स्वतःची समजूत घातली होती.

दिग्विजयसिंह गेले आणि मंदाताईंनी बिर्लानगरहून गोविंद मिस्त्रीला बोलावलं. मानसिंगरावांच्या हयातीत गाडी त्याच्याच हाताखाली होती.

"गोविंद, हिला काय झालंय ते शोध. आणि झालं नसेल तर तसं लिहून दे. त्या ठाकुराच्या तोंडावर मारते."

"आईसाहेब, विकायचीय तर दुरुस्त होऊ दे ना नीट," गरिमा ओट्याजवळून म्हणाली.

"विकायला नाही, अब्रूला दुरुस्त करतेय मी."

गोविंदने हवेची जाळी काढून झटकली. स्वच्छ. प्लग काढून उन्हात धरला. काळपट होता, पण मेलेला नव्हता. मुठीपासून इंजिनापर्यंतची तार ओढून पाहिली, ती वीणेसारखी ताठ. सगळं परत बसवून त्याने मूठ पिळली. गाडी क्षणभर गप्प राहिली, मग आजारी म्हाताऱ्यासारखी खोकली आणि बसली.

"रेस का धागा ठीक, हवा ठीक, आग ठीक," गोविंद डोकं खाजवत म्हणाला. "खाने में गड़बड़ है, माजी."

"या घरात खाण्यात गडबड नसते. मी अजून जिवंत आहे."

गरिमाने हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं. मग ती बाहेरच आली. "आईसाहेब, राग नका मानू. गाडी विकू नये म्हणून तुम्हीच तर काही..."

"मी? माझ्या लेकाच्या गाडीचं मी वाईट करीन? जीभ झडेल, सूनबाई!" कुणाची झडेल ते मंदाताईंनी मोकळं ठेवलं.

गोविंदने काच मागितली. घरात मोठी काच म्हणजे लोणच्याची रिकामी बरणी. त्याने नळी लावून टाकीच्या तळचं पेट्रोल त्यात उतरवलं आणि बरणी कट्ट्यावर ठेवली. घटकाभरात बरणीत दोन थर दिसले. वरचा पेट्रोलचा, आणि खाली निराळा, गढूळसा.

"पानी," गोविंद म्हणाला. "इंजन बेचारा पेट्रोल माँगता है, पंप उसको पानी पिलाता है. दम कहाँ से आएगा?"

मंदाताईंना अपराधी लगेच सापडला. लबाड तो पेट्रोलवाला! बरणी पदराखाली धरून त्या ई-रिक्शात बसल्या. पंपावर त्यांनी अशी आरोळी ठोकली की रांगेतल्या तीन स्कूटी निघून गेल्या. व्यवस्थापक बिचारा धावत आला. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं ("पानी का नाम मत लो!"), आणि जमिनीतल्या टाकीत लांब काठी सोडून दाखवली. काठीच्या टोकाला लेप होता. पाणी लागलं तर लेपाचा रंग बदलतो. रंग बदलला नाही. मंदाताईंनी पुन्हा काठी सोडायला लावली. तेव्हाही नाही.

"माताजी, हमारे यहाँ पानी नहीं है," तो हात जोडून म्हणाला. "घर में ही किसी ने डाला है. कोई दुश्मन है क्या?"

परतताना रिक्शा खड्ड्यात आदळली आणि मांडीवरची बरणी हिंदकळली. थर मिसळले, पुन्हा वेगळे झाले. मंदाताई खालच्या थराकडे बघत राहिल्या. शनिवार, शनिवार, शनिवार... वर्षभराचे शनिवार त्या बरणीत बसले होते. लेकाला थेंब मिळाला नाही आणि त्याची गाडी पार बुडाली. घरात दुश्मन होता, आणि तो रिक्शात बसून घरी चालला होता.

त्या फाटकात उतरल्या तेव्हा गोविंदने टाकीतला पंपच बाहेर काढला होता. गरिमा शेजारी उभी. पंपाच्या जाळीवर काहीतरी काळं चिकटलं होतं. गोविंदने चिमट्याने ते तळहातावर घेतलं आणि पसरलं.

"ये तो तुलसी का पत्ता है," तो म्हणाला. त्याने कपाळाला हात लावला, भक्तीने की निराशेने ते कळलं नाही.

मंदाताईंनी बरणी कट्ट्यावर ठेवली. उभ्या आयुष्यात त्यांनी चूक कबूल केली नव्हती, त्यामुळे ते करायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या फटकन म्हणाल्या, "पाणी मी घातलं. दर शनिवारी. घोड्याला घालतात तसं." मग त्यांनी गोविंदच्या तळहाताकडे पाहिलं. "पण पान माझं नाही. घोड्याला कुणी तुळस घालत नाही."

तुळशीपत्र घालतात ते जाणाऱ्याच्या मुखात, गंगाजलाबरोबर.

गरिमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अमावास्येला," ती म्हणाली. "तुम्ही देवळात गेलात की. त्यांच्या तोंडात तेव्हा काहीच पडलं नाही ना, आईसाहेब. मग मी... दर अमावास्येला."

म्हणजे गडूतलं पाणी तांबं पीत नव्हतं.

"मग विकायला का काढलीस गं?"

"किती वेळा पाणी घालू? दर अमावास्येला पुन्हा जातात ते."

मंदाताईंनी सुनेच्या बोटाला गुंडाळलेलं पदराचं टोक सोडवलं आणि नीट खांद्यावर टाकलं.

गोविंदने टाकी धुतली, सुकवली, पंप बसवला, ताजं पेट्रोल ओतलं. मग त्याने बरणी उचलली. "ये पानी नाली में फेंक दूँ?"

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

"ठीक है, ठीक है. पर आगे से इसको कुछ मत पिलाना."

"मग घालायचं तरी काय?" मंदाताईंनी विचारलं.

"पेट्रोल, माजी."

इतक्यात गरिमाचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकून घेतलं आणि फोन सासूकडे धरला. "दिग्विजयसिंह आहेत. विचारतायत, ठीक झाली असेल तर उद्या पैसे घेऊन येतात."

"काय सांगू?"

"तुम्हीच सांगा, आईसाहेब."

त्याच क्षणी गोविंदने मूठ पिळली. गाडी अशी डरकाळली की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"नहीं जी," मंदाताई फोनमध्ये म्हणाल्या, "आप ठीक कह रहे थे. इसमें दम नहीं है." आणि आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी फोनवर पदर दाबून धरला.