गेणूतात्यांची लाईट

लग्न होऊन मी कळंबजवळच्या या वस्तीवर आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवस मावळायला आला होता. उसाच्या पलीकडून चार-पाच माणसं मोठमोठ्यानं बोलत येत होती.

"शंकर, कुऱ्हाड नीट धर रं!"

"धरलीय की!"

"म्हादू, कुत्री घे म्होरं!"

मग कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. सासूबाई म्हणाल्या, "तात्या आले वाटतं. चहा टाक." मी मोजून पाच कप चहा टाकला. उसातून बाहेर आला एकटाच माणूस. किडकिडीत अंग, गळ्यात मफलर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. ना शंकर, ना म्हादू, ना कुत्री.

"बाकीचे कुठं राहिले?" मी विचारलं.

"कोण बाकीचे? ते व्हय! ते पावण्यासाठी, सूनबाई. पावण्याला वाटलं पायजे, लई माणसं हायती." एवढं बोलून तात्यांनी पहिला कप उचलला. उरलेले चारही त्यांनीच संपवले. भीतीनं घसा कोरडा पडतो म्हणाले.

पावणं म्हणजे बिबट्या. गेणूतात्या त्याचं नाव कधी तोंडातून काढत नाहीत. नाव घेतलं की येतो, असं त्यांचं मत. त्यामुळं आमच्याकडे खरे पाहुणे आले की घोटाळा होतो. "घरी पावणं आलेत," असं एकदा माझ्या नवऱ्यानं त्यांना फोनवर सांगितलं, तर तात्यांनी दाराला आतून कडी घातली आणि आख्ख्या वस्तीला फोन करून गाई आत घ्यायला लावल्या. आले होते माझे मामा.

तात्या आमचे शेजारी. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं; तात्यांनी मात्र तरुणपणीच मेंढरं सोडून साखर कारखान्यात नोकरी धरली. आता रिटायर आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी चाकणला दिलेली. घरात तात्या आणि त्यांची भीती, दोघंच. भीती ते लपवतही नाहीत. "मी भितो. उघड भितो," असं छाती पुढं काढून सांगतात.

हसायला सोपं आहे. पण आमच्याकडे दिवस बुडाला की अंगणसुद्धा परकं होतं. समोरच्या गोठ्यातून वासरू गेलं तेव्हा आम्ही घरात जेवत होतो. आवाज आला नाही, दावं तेवढं राहिलं. शाळेची पोरं घोळक्यानं जातात. बिबट्या मान धरतो म्हणून बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला वाकतात. पलीकडच्या शिवारात एक म्हातारी पहाटे घरामागं गेली ती परत आली नाही, त्यानंतर कितीतरी दिवस मी ताट घासायलाही मोरीबाहेर गेले नाही. ऊस सळसळला की हातातलं काम थांबतं. तो वारा आहे की दुसरं काही, हे कळेपर्यंत श्वास रोखून धरायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

तात्यांचा सगळा जीव लाईटीत. घराच्या चारी कोपऱ्यांना बल्ब, गोठ्यात दोन, संडासाकडे जायच्या वाटेवर एक. अडचण एवढीच की बटणं सगळी घरात आणि बल्ब बाहेर. कुठं बाहेरून यायला उशीर झाला तर अंधाऱ्या घरात शिरून बटण दाबायचं कुणी? "बटणापतूर जायाच्या आतच पावणं भेटलं तर? सांगता येत न्हाई, राव." मग कुणीतरी त्यांना सांगितलं, आता मोबाईलवरून लागणारे स्विच मिळतात. झालं. मी मंचरच्या कॉलेजात शिकवते, मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून डब्यावरचं वाचायला माझी नेमणूक झाली.

पहिला स्विच आवाजावर चालणारा होता. सोबत बोलणारा डबा. तात्या अंगणात उभे राहून ओरडायचे, "ए बये, लाईट लाव!" आतून बाई हिंदीत माफी मागायची, की मला समजलं नाही. तात्या आणखी वरच्या पट्टीत. बाई आणखी नम्र. शेवटी तिनं लाईटीऐवजी भजन लावलं. "हिला समजंपतूर माझं काय ऱ्हायचं न्हाई," म्हणून तात्यांनी तो डबा लेकीला देऊन टाकला.

दुसरा हालचालीवर लागणारा. समोर काही हललं की लखकन उजेड. पहिल्याच संध्याकाळी लाईट लागली आणि तात्यांनी खाटेवर चढून बोंब ठोकली, "आलं! आलं!" आम्ही थाळ्या बडवत धावलो. त्यांचीच गाय शेपूट हलवत होती. मग मांजर आलं, मग केळीचं पान हललं. प्रत्येक वेळी बोंब आणि प्रत्येक वेळी थाळ्या. आठवडाभरात वस्तीतल्या सगळ्या थाळ्यांना पोचे आले. शिवाय तिसऱ्या-चौथ्या बोंबेला आम्ही सावकाश निघायला लागलो, आणि ते जास्त भीतीचं होतं. खरोखर आलं असतं तरी सावकाशच गेलो असतो.

तिसऱ्याला टायमर. त्यात सकाळ-संध्याकाळ लावताना काही उलटसुलट झालं. भर उन्हात बल्ब लखलखले आणि कातरवेळी सगळे एकदम विझले. तेव्हापासून टायमरशी कायमचं वैर. "आपोआप लागलं म्हंजी कुणी बघितलंच न्हाई की. लाईट माणसानं लावाया पायजे. कुणाला तरी आठवण पायजे."

शेवटी माझ्या स्कूटीवर मागं बसून तात्या स्वतः मंचरला आले. दुकानदारानं हसून स्वागत केलं, "या पावणं!" तात्यांनी गर्रकन मागं वळून पाहिलं. मफलर सरकला आणि खालचा खिळ्यांचा पट्टा दिसला. दुकानदार दोन पावलं मागं सरला. त्यानंतर तो फार अदबीनं बोलला.

तात्यांचे प्रश्न मात्र चोख. "नेट गेलं तर हातानं दाबता येतो का?"

"येतो."

"लाईट जाऊन आली तर परत आपसूक चालू व्हतो, का बंदच ऱ्हातो?"

"चालू होता तर चालूच होतो."

"व्होल्टेज वरखाली झालं तर? कंपनी बुडली तर? बिघडला तर बघणार कोण, तुमी का मुंबईवाला?"

मी कौतुकानं ऐकत होते. हातानंही दाबता येणारा, गेलेली लाईट आल्यावर स्वतःची आठवण ठेवणारा आणि मंचरमध्येच दुरुस्त होणारा स्विच त्यांनी घरासाठी पसंत केला. मग घसा खाकरून म्हणाले, "आनि एक शीमवाला द्या. त्यात शीम घालून कुठूनबी लावता येतो त्यो. खांबावरला. पाण्यात भिजला तरी चालंल असा."

"घरी वायफाय आहे ना तुमच्या? मग सीमवाला कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"लागतो," एवढंच तात्या म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पिशवी आवळून धरली. मला वाटलं, विहिरीवर लावायचा असेल.

घरचे स्विच बसले आणि वस्तीला जरा उसंत मिळाली. दिवस बुडायच्या आधी तात्या ओट्यावर बसून फोनवर बोट टेकवायचे, एकेक बल्ब लागायचा. शेवटी ते आणखी एकदा बोट टेकवायचे आणि उसाच्या पलीकडे मान उंच करून बघत राहायचे. तिकडून अंधुक उजेड वर आला की मगच घरात जायचे.

ऊसतोड सुरू झाली तशी भीती वाढली. फड तुटला की त्यात राहणारं जनावर दुसऱ्या फडात सरकतं, आणि तुटायचा राहिलेला फड नेमका आमच्यासमोरचा. अशाच एका संध्याकाळी मोबाईलची रेंज गेली. माझा नवरा संदीप टोमॅटो घेऊन नारायणगावला गेलेला, त्याला फोन लागेना. मी दार लावणार तोच तात्या धापा टाकत आमच्या ओट्यावर आले.

"लागंना, सूनबाई."

"तुमच्या घरच्या तर सगळ्या लागल्यात की."

"हितल्या न्हाई. तिकडची." त्यांनी उसाच्या पलीकडे बोट केलं. तिकडं काळोख होता. "आक्काची."

हौसाआक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. नवरा नाही, मूल नाही. भावानं मेंढरं सोडली, तिनं नाही सोडली. उसापलीकडे खोपट घालून आणि शेजारी मेंढरांची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून ती एकटी राहते. मागं तिची चार मेंढरं बिबट्यानं नेली, तेव्हा तात्या सगळ्या लोकांसमोर तिच्यावर ओरडले होते, की विकून टाक ती आणि माझ्या घरात ये. तीही लोकांसमोरच म्हणाली, "भित्र्याच्या घरात मी ऱ्हात न्हाई." तेव्हापासून बोलणं बंद. एवढं मला ठाऊक होतं. तिच्या वाघरीजवळच्या खांबावरची लाईट तात्यांनी त्या सीमवाल्या स्विचवर लावलीय, हे मात्र आज कळत होतं. वायरमनला त्यांनी बजावून ठेवलं होतं, पंचायतीची आहे म्हणून सांग.

"लाईट आहे, नुसती रेंज नाही. येईल थोड्या वेळात," मी म्हणाले.

"आन तवर?"

तात्यांचा मफलर घामानं भिजला होता. त्यांनी बॅटरी उघडून सेल पाहिले, परत बसवले, आणि ओट्यावरून खाली उतरून सरळ उसाच्या वाटेला लागले. मला वाटलं, चार पावलं जातील आणि परत फिरतील. फिरले नाहीत. मी सासूबाईंना दार लावून घ्यायला सांगितलं, संदीप आल्यावर रस्त्यानं आक्कांकडे पाठवा म्हटलं, आणि थाळी-पळी घेऊन मागं धावले. म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडणार? खरं सांगायचं तर, पाय टाकल्यावर लगेच वाटलं, सोडायला हवं होतं.

दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस. बॅटरीचा उजेड पायापुरता. मी थाळी बडवत होते, पण हाताला घाम सुटून पळी निसटत होती. वाटेच्या मध्यावर कुत्र्यांचं भुंकणं एकदम थांबलं. कुत्री भुंकतात तेव्हा बरं वाटतं. ती गप्प झाली की समजायचं, जनावर जवळ आहे. तात्या थांबले. त्यांचे दात वाजत होते, मला ऐकू येत होतं. उजव्या हाताला ऊस मोडल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा, आमच्या पुढं.

तात्यांनी शंकरला हाक मारली नाही, म्हादूलाही नाही. ओरडले, "आक्का! आक्का गं!"

आणि पळत सुटले. मी त्यांच्या मागं. तो माणूस पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. ऊस संपला तसा त्यांनी खांब गाठला, पेटी उघडली आणि हातानं बटण दाबलं.

उजेड पडला. वाघरीतली सगळी मेंढरं एका कोपऱ्यात एकमेकांत घुसून उभी होती, तोंडं उसाकडे. वारा अजिबात नव्हता, तरी उसाचे शेंडे एका ओळीत हलत हलत लांब जात होते. आम्ही ते थांबेपर्यंत बघत राहिलो. मी तिथंच मातीत बसले.

हौसाआक्का कोयता घेऊन खोपटाच्या दारात उभी होती.

"कोण हाय?"

"मी. गेणू."

आक्कानं कोयता खाली केला. "पंचायतीची लाईट लावाया तू कशाला आलास?"

तात्या खांबाला टेकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मला काय कळत न्हाई व्हय रं?" आक्का म्हणाली. "पंचायतीची लाईट कवा येळेवर लागती व्हय? ही रोज दिस बुडायच्या आधीच लागती. इतकं भिऊन लाईट लावणारा आख्ख्या शिवारात एकच माणूस हाय."

तिनं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. तात्यांचा पेला दातांवर वाजत होता. आक्कानं तो आपल्या हातानं धरला आणि लहान पोराला पाजावं तसं पाणी पाजलं. "पट्टा काढ आधी," ती म्हणाली. "खिळं टोचतील मला." तात्यांनी मुकाट्यानं पट्टा काढून खाली ठेवला. मग ती चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली, जशी काही रोजचीच दोघं जेवणारी.

थोड्या वेळानं संदीप जीप घेऊन आला. थेट दारापाशी लावली, हेडलाईट चालू ठेवली. दारातून जीपमध्ये बसायला एक ढांग पुरली असती. काचा वर, दारं बंद, रस्ता डांबरी, घर हाकेच्या अंतरावर.

"चला तात्या," संदीप म्हणाला.

तात्यांनी जीपकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं.

"नको, राव," ते म्हणाले. "आता लई अंधार पडला. गाडीतबी मला भ्या वाटतं. मी आपला सकाळीच येईन."

संदीप काहीतरी बोलणार होता. मी त्याचा हात दाबला. आक्कानं मागं न बघताच दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि पायानं पाट भावाकडे सरकवला.