डोकी मोजणारे भानुदासअण्णा

भानुदासअण्णा मयतीला गेले की आधी डोकी मोजतात, मग हात जोडतात.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत ते समोरच राहतात. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी मोजायची खोड गेली नाही. लग्न, बारसं, दहावा, भंडारा, कुठंही माणसं जमली की अण्णांची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आणि ओठ हलायला लागतात. नवख्याला वाटतं, माणूस नामस्मरण करतोय. प्रत्यक्षात अण्णा मतदारसंघ मांडत असतात. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले होते, तेव्हा अण्णा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, सासऱ्याकडं पैठणकडचं मत लई दिसतं. कन्नडकडचं कोणी फिरकलं नाय." मला तशातही हसू आलं आणि ते बायकोनं पाहिलं. पुढं घरात जे झालं ते मतदारसंघाबाहेरचं आहे.

"डोकी खोटं बोलत नाय," हे त्यांचं पालुपद. सभेच्या गर्दीवर त्यांचा विश्वास नाही, ती जीप भरून आणता येते. मयतीला मात्र माणूस आपल्या पायानं येतो, म्हणून खरं वारं तिथं कळतं, असं त्यांचं शास्त्र.

गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की अण्णा आधी गाव विचारतात, मग मूळ गाव, मग मामाचं गाव. तिसऱ्या उत्तराला समोरचा कुठल्या ना कुठल्या रकान्यात जाऊन बसलेला असतो. लोकांना याचा राग येतो. मला येत नाही. आपल्याकडं हे सगळेच विचारतात, अण्णा निदान तोंडावर विचारतात. शहराचं नाव मात्र, जुनं ना नवं, ते कधीच घेत नाहीत, नुसतं 'शहर' म्हणतात. "नाव घेतलं की एक बाजू जाती, सर."

मतदारसंघाचा इतिहास ऐकावा तर त्यांच्याकडूनच. "इथं आधी नुसती शेतं. तवा पाटील म्हणंल तिकडं गाव. मंग कंपन्या आल्या. बीडचा आला, परभणीचा आला, जालन्याचा आला. प्लॉट पडले. पाटलाच्या पोरानं जमीन इकली, गाडी घेतली. आता पाटील बी एकच मत आन् त्याचा डायवर बी एकच मत. मधीच कोणीतरी वरून रेघा वढल्या. गल्ली निजली एका मतदारसंघात, उठली दुसऱ्यात!"

पण हे गणित अर्धंच होतं. उरलेलं अर्धं जुन्या शहरात, शहागंजात राहायचं.

रशीदभाई एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बहुतेक वर्षं दोघं पैठणच्या एकाच गाडीवर होते. एक पुढं बघायचा, एक मागं. जुन्या शहरातली गल्ली न् गल्ली रशीदभाईंना पाठ, सिडको, गारखेडा आणि वाळूज अण्णांना. मतदानाच्या संध्याकाळी शहागंजातल्या एका चहाच्या हॉटेलात बसून दोघं आपापला अर्धा भाग मांडायचे आणि बेरीज करायचे. एकदा मीही गेलो होतो. "अण्णा, तुम्हारे सिडको में सब मीठा बोलते, वोट किधर देते अल्ला जाने," असं रशीदभाई म्हणत होते आणि अण्णा मांडीवर थाप मारून हसत होते. अण्णांना इतकं मोकळं हसताना गल्लीत कुणी पाहिलं नसेल. अंदाज चुकायचाही. चुकला की दोघं मिळून ग्रामीण भागाला शिव्या घालायचे.

मग रशीदभाईंच्या मुलीचं लग्न आलं. मलाही बोलावणं होतं. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं एक उमेदवारही माणसं घेऊन हजर झाला. अण्णांना पाहून त्यानं हात जोडले. "काय अण्णा, काय म्हणतंय वारं?"

अण्णांचं ताट हातात होतं आणि आवाज कंडक्टरचा. त्यांनी मांडवावरून नजर फिरवली आणि सुरू झाले. कुठल्या मोहल्ल्यातली कोणती घरं आलीत, कुणाचं कुणाशी फाटलंय, कोण फुटेल, सगळं. उमेदवाराचा माणूस मोबाइलमध्ये टिपून घेत होता. मी अण्णांची बाही ओढली, पण भरल्या गाडीत त्यांना कधी कुणी थांबवलं होतं?

मागं रशीदभाई उभे होते, हातात वाढायचं भांडं. हळूच म्हणाले, "अण्णा, मेरी बेटी की शादी है. ये मेहमान हैं मेरे."

"मेहमानच हायेत की. पर मतं बी हायेतच ना?"

"मेरे कू भी गिना क्या?"

अण्णांना खोटं बोलायची सवय नाही. "व्हय. तुला सोडून कसं चालंल?"

रशीदभाईंनी भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेले.

"त्यात चिडण्यासारखं काय व्हतं, सर?" असं अण्णा माझ्या स्कूटरवर मागं बसून विचारत राहिले. क्रांती चौकापर्यंत हाच प्रश्न.

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. मी म्हटलं, "जाऊन या ना एकदा." अण्णा म्हणाले, "मतदानाच्या सांजंला भेटूच की." ती संध्याकाळ आली. इस्त्रीचा शर्ट घालून ते शहागंजला गेले, हॉटेल बंद होईपर्यंत बसले. रशीदभाई आले नाहीत. तब्येत बरी नाही, असं हॉटेलवाल्यानं सांगितलं. घर हाकेच्या अंतरावर होतं.

"मग गेला का नाहीत?"

"निवडणुकीशिवाय कसं जायाचं? जाऊन बोलू काय?"

एवढ्या मोठ्या मतदारसंघात या माणसाला एकच दोस्त होता, आणि त्याच्या दारात नुसतं जाऊन उभं राहायला अण्णांकडं कारण नव्हतं. मला त्यांची चीड आली आणि वाईटही वाटलं. त्या वेळी गल्लीतल्या कुणीही निकालाचं विचारलं की अण्णा म्हणायचे, "अर्धंच हाय माझ्याकडं." निकालाच्या दिवशी त्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही.

थोड्याच दिवसांत रशीदभाई गेले.

मी अण्णांना घेऊन गेलो. गल्ली माणसांनी भरली होती. डोक्याला रुमाल बांधून अण्णा कोपऱ्यावरच थांबले, पुढं यायला तयार होईनात. तेवढ्यात रशीदभाईंचा जावई गर्दीतून वाट काढत आला. त्याच्याच लग्नात तो प्रकार झाला होता. त्यानं अण्णांचा हात धरला. "चाचा, आओ." जनाजा उचलला गेला आणि अण्णा त्याच्याखाली दिसेनासे झाले.

परत येताना ते स्कूटरवर मागं बसले होते, रुमाल अजून डोक्यालाच.  काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्याच भाषेत विचारलं, "अण्णा, गर्दी बरीच होती. किती धरायची?"

 

"म्या नाय मोजलं," ते म्हणाले. "खांदा दिल्यावर मान वर व्हत नाय, सर. निस्ती पुढच्याची पाठ दिसती."