जात : या रकान्यात जात भरावी

मदत ही माणसाला योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि योग्य रकान्यातच मिळाली पाहिजे. नुसती मदत काय, कोणीही करतं.

या थोर विचारातून श्वेतकण कापूस खरेदी संघानं २००६ साली दिग्रस केंद्रातल्या एकुलत्या एक संगणकात 'संदर्भानुसारी मदत' बसवून घेतली. पूर्वी एफ-वनचं बटण दाबलं की तीनशे बारा पानांचं इंग्रजी पुस्तक अंगावर यायचं. आता माणूस ज्या रकान्यात अडकेल तेवढ्यापुरतीच मदत, तीही मराठीत, समोर येऊ लागली. खाली नम्र प्रश्न असायचा : 'ही मदत उपयुक्त वाटली का?' उत्तरासाठी एक बटण : 'होय'. (दुसऱ्याची गरज कोणाला भासली नाही.) पहिल्याच महिन्यात शंभर टक्के वापरकर्त्यांनी मदत उपयुक्त ठरवली. वापरकर्ती एकच होती, नाहिद. पोरगी हुशार, हात चलाख.

बुधवारी तिच्या खिडकीत रामराव आले. त्यांची कापसानं भरलेली बैलबंडी चार दिवसांपासून फाटकात उभी होती आणि शनिवारी पाचला हंगामाची खरेदी बंद होणार होती. नाव झालं, गाव झालं. पुढचा रकाना : 'जात'.

"काका, जात?"

रामरावांनी सांगितली, नाहिदनं भरली. संगणक म्हणाला : 'अशी जात अस्तित्वात नाही.'

"नाही म्हंजे?" रामराव भडकले. "घरी अकरा मानसं आहो न आमी!"

नाहिदनं एफ-वन दाबलं. मदत धावून आली : 'जात : या रकान्यात जात भरावी.' उपयुक्त वाटली का? होय. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सतरा वेळा होय म्हणून बिचारीचं बोट दुखलं.

केंद्रप्रमुख शंकरसिंग कागदाशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. "दाखला आना," ते म्हणाले. गुरुवारी रामरावांनी दाखला आणला, शिक्क्यासकट. संगणकावर काडीचा परिणाम झाला नाही.

शुक्रवारी नाहिदची नजर रकान्यांच्या वरच्या मथळ्यावर गेली : 'मालाचा तपशील'. तिनं कपाळावर हात मारला.

"या अल्ला! काका, तुमची नाही, कापसाची जात इचारून राह्यलं हे!"

"मंग आधी सांगाचं न बाई! संकरित हाय."

संगणकानं तीही नाकारली. शंकरसिंगांनी चष्मा पुसला. "संकरित म्हंजे मायबाप दोन जातीचे. बापाचा दाखला लागन."

"कापसाच्या बापाचा?"

"मंग कोनाच्या?"

आंतरजातीय कापसासाठी संघाच्या नियमावलीत तरतूदच नव्हती, त्याला शंकरसिंग तरी काय करणार? रामराव गावच्या तलाठ्याकडे गेले. तो अनुभवी माणूस, जराही हसला नाही. एवढंच विचारलं, की कापूस गावात किती वर्षांपासून रहिवासी आहे.

शनिवार, साडेचार. रामराव खिडकीला टेकून उभे, बैल पेंगलेले. नाहिदच्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नव्हे, संतापाचं. तिनं शेवटचं एफ-वन दाबलं आणि आलेलं वाक्य पहिल्यांदाच शब्दशः पाळलं. 'या रकान्यात जात भरावी.' तिनं भरलं : 'जात'.

संगणकानं ते आनंदानं स्वीकारलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना बंडी काट्यावर चढली. "वा रे पोरी!" म्हणत रामरावांनी बैलाच्या पाठीवर अशी थाप मारली, की बैल शंकरसिंगांकडे पाहू लागला. मग शंकरसिंगांनीच घड्याळ अर्धा तास मागे केलं आणि मागच्या एकोणीस बंड्याही त्याच जातीच्या निघाल्या. संघाच्या वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापून आलं : 'दिग्रस केंद्रावरील कापसात जातिभेद समूळ नष्ट झाला आहे.' टाळ्या झाल्या, हार झाले, पेढेही झाले.

आता एकच राहिलं. रामरावांनी बुधवारी खिडकीत कोणती जात सांगितली, हे या कथेत कुठंच लिहिलेलं नाही. आणि तुम्ही मात्र तेव्हापासून तेच शोधून राह्यले. लाजू नका, एफ-वन दाबा. उपयुक्त वाटली ना मदत?

होय.